भिंतीवरची ओहोटी

मी सांगतो त्यातल्या प्रत्येक आकड्याला दहाने भागायचं, हे आमच्या धक्क्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. मी धरलेला जिताडा मासा चाळीस किलोचा असला तर तो चार किलोचा समजावा. माझ्या लग्नात पाच हजार पान उठलं असेल तर पाचशे. ऐकणाऱ्याला भागाकार येतो, मला सांगताना मजा येते, कुणाचं काही जात नाही. पांडूनानांच्या बाबतीत मात्र लोक भागाकार विसरले. माझ्या एका चित्राला त्यांनी जसंच्या तसं खरं धरलं आणि बावीस वर्षं एका जित्या माणसाला त्यात टांगून ठेवलं. म्हणून हे लिहायला बसलो. यात जिथे मी थाप मारीन तिथे नेहमीसारखं भागून घ्या. जिथे नाही मारणार, तिथे तसं सांगेन.

धंद्याने मी पेंटर. होड्यांची नावं आणि नंबर, ‘बर्फ मिळेल’, ‘येथे गाडी लावू नये’, निवडणूक आली की दोन्ही पक्षांच्या भिंती. रेवसच्या अलीकडे आमचा लहानसा दगडी धक्का. समोर करंजा, मध्ये खाडी, आणि त्या खाडीत पांडूनानांची तर. तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पंचवीस माणसं, चार सायकली, दोन बकऱ्या आणि एखादी रुसून माहेरी निघालेली सून एवढा तिचा रोजचा माल.

नानांचं नाक आधी धक्क्यावर यायचं, मग पाव घटकेने नाना. त्या नाकावर बगळा बसलेला मी स्वतः पाहिलाय. डोक्यावर लाल गोंड्याची लोकरीची टोपी, भर मे महिन्यातसुद्धा. घड्याळ त्यांनी जन्मात बांधलं नाही. “कधी येऊ, नाना?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “पाऊण भरतीला ये.” अलिबागच्या एसटी स्टँडवर त्यांनी एकदा कंडक्टरला विचारलं होतं, “पनवेल गाडी कंच्या पान्याला सुटते?” कंडक्टर म्हणाला, “प्यायचं पाणी तिकडे आहे, बाबा.” नाना घरी येऊन म्हणाले, “एसटीची मानसं चांगली, पन अडानी.”

पाण्याचा असा पक्का जाणकार, आणि त्यानेच ती चूक केली.

उधाणाचा दिवस होता. पूर्ण भरती, पाणी धक्क्याच्या काठाला लागलेलं. नाना करंज्याहून पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि आठ-दहा माणसं घेऊन आले. माणसं उतरली, माळा उतरायच्या होत्या, तेवढ्यात काशिनाथ चहावाल्याने हाळी दिली, “नाना, पनवेलवरून फोन आलता. पोरगी बाळंत झाली. नात झाली तुम्हाला.” नानांनी नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, दोरी धक्क्यावरच्या कडीला गुंडाळली आणि धावत सुटले. आधी फोनच्या बूथवर, तिथे लाइन लागेपर्यंत दोन-तीन तास, तिथून हलवायाकडे.

आमच्याकडे ज्याला होडीतलं काही कळत नाही त्यालाही एवढं कळतं, की भरतीला बांधताना दोरी सैल सोडायची. ओहोटीला पाणी दोन पुरुष खाली जातं, होडीलाही त्याबरोबर खाली जायचं असतं. नानांनी दोरी बांधली हातभर.

ते जिलेबी घेऊन परत आले तेव्हा पाणी निघून गेलं होतं. होडीचं शेपूट चिखलात आणि नाळ वर कडीला ताणलेली, शेवग्याचा पाला खायला मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बकरीसारखी. कांद्याच्या माळा घरंगळून चिखलात. दोरी इतकी ताणलेली की गाठ सुटेना. कापली असती तर होडी आपटून फुटली असती. मग करायचं काय? भरतीची वाट बघायची. नाना सहा तास धक्क्यावर होडीशेजारी बसून राहिले. अख्खा गाव बघायला आला. जो हसायला येई त्याच्या हातावर नाना जिलेबी ठेवत आणि म्हणत, “नात झाली.” मीही हसलो, मीही दोन जिलेब्या खाल्ल्या. दोनच. भागू नका.

संध्याकाळी भरती आली, होडी अलगद तरंगली, फळीलासुद्धा धक्का लागला नव्हता. गोष्ट तिथे संपली होती. पण तिकिटाच्या खोलीबाहेर भाड्याचा फळा असे आणि माझ्या खिशात खडू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर चित्र काढलं. चित्रात होडी दहा पुरुष उंच, पाळण्यासारखी टांगलेली. होडीत नाना, खरं तर ते हलवायाकडे होते, पण रिकाम्या होडीला कोण हसणार? लाल गोंडा हवेत, नाक दुधीभोपळ्याएवढं होडीबाहेर लोंबतंय, लुंगी फडफडतेय, खाली चिखलात खेकडे नांग्यांनी टाळ्या वाजवतायत. जिलेबी काढली नाही. जिलेबीने विनोद पातळ झाला असता. खाली नाव टाकलं: ‘लटक्या’.

लोकांनी चित्र डोक्यावर घेतलं. खडूचं पुसतं म्हणून गणपती मंडळाने वर्गणी काढून तिकिटाच्या खोलीच्या भिंतीवर तेच चित्र तेलरंगात करायला सांगितलं. मी तीन दिवस रंगवत होतो. उंच भिंत, शिडी डुगडुगत होती. शिडी कुणी धरली असेल?

नानांनी. ‘पेंटर पडला तर त्याची बायको मना शिव्या घालील,’ म्हणाले. आपलंच नाक भिंतीवर वाढत जाताना ते खालून बघत होते. तिसऱ्या दिवशी, मी समुद्राची निळी रेघ मारत असताना, खालून आवाज आला, “पेंटर, पानी जरा वर घे ना.”

“किती वर?”

“होडीला लागंल इतकं.”

“मग मजा काय राहिली, नाना? मग नुसती होडी.”

“व्हय,” नाना म्हणाले. “नुसती होडी.”

आणि शिडी घट्ट धरून राहिले. दर गणपतीआधी मी त्या चित्रावर नवा हात फिरवायचो, आणि दर वर्षी शिडी नानाच धरायचे. पाण्याचं परत बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनाही आवडत असावं.

त्यानंतर नानांना एक खोड लागली. जे बांधतील ते सैल. त्यांच्या अंगणातली कपड्यांची दोरी इतकी सैल की धुतलेल्या लुंग्या जमीन सारवत. बकरी बांधली तर दोरी एवढी लांब, की ती बकरी तीन घरं सोडून सरपंचांच्या ओट्यावर बसून पंचायतीची मीटिंग ऐकायची. नंतर तर ती मतदानही करून आली असं मी सांगतो, ते सोडा. लग्नाच्या मांडवाच्या दोऱ्या नाना आवळून देत नसत. “सैल ठेव, सैल ठेव,” म्हणत मागे मागे फिरत. वारा आला आणि मांडव नवरदेवावर आला. लोक हसले. मीही. आपण कशाला हसतोय ते कळायला मला फार वर्षं लागली.

ग्रामसभेत एकदा नाना बोलायला उभे राहिले. धक्क्याच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर गाळ बसलाय, शेवाळ धरलंय, पावसाआधी खरवडून काढा, कुणीतरी घसरेल, एवढंच म्हणणं. रास्त होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “नाना, तुम्ही आधी होडी खाली उतरवा.” छप्पर उडेल असा हशा. नानांनी टोपी सारखी केली आणि खाली बसले. त्या पावसात एक कोळीण माशांची टोपली घेऊन त्याच पायऱ्यांवर घसरली, मांडीचं हाड मोडलं. तिला पाठुंगळी घेऊन वर आणलं नानांनीच. ‘मी सांगत होतो’ हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत. आणि सभेतलं कुणीही, कधीही, ‘नाना सांगत होते’ असं म्हणालं नाही.

मग तो वाऱ्याचा दिवस. पलीकडून सहलीला आलेली एक होडी खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडून भरकटली. वारा असा की कावळे उलटे उडत होते. आमच्या बंदरातले होड्या चालवणारे चाळीस तांडेल काठावर उभे राहून चर्चा करत होते. नाना चर्चेला थांबलेच नाहीत. एकटे गेले, दोरी फेकली, त्या होडीला ओढत आणलं. चौदा माणसं. एरवी मी एकशे चाळीस सांगितली असती. चौदाच होती, त्यातली तीन लहान पोरं. दोरी ओढताना नानांच्या तळहाताची साल गेली होती.

मला लाज वाटली की उमाळा आला, सांगता येत नाही. तिकिटाच्या खोलीच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर मी स्वतःच्या रंगाने नवं चित्र काढलं. लाटा, वारा, मध्ये नानांची होडी, मागे ओढून आणलेली दुसरी. या वेळी नाकसुद्धा मापात काढलं. नाना आले, बराच वेळ बघत राहिले. “लाटा जरा मोठ्या झाल्यात,” म्हणाले, पण त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मी मान फिरवली.

धक्क्यावरचे लोक यायचे, बघायचे आणि विचारायचे, “दोरी कुठाय?” दुपारपर्यंत कुणीतरी कोळशाने होडीच्या नाळेपासून थेट ढगापर्यंत एक दोरी काढली होती. खाली लिहिलं होतं, ‘लटक्या परत आला’. मी पुसायला गेलो तर नाना म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पोरास्नी तोच नाना ठावं हाय.” पहिल्याच पावसात ते चित्र वाहून गेलं. रंग मी साधा वापरला होता. तेलरंग लटक्यावर संपला होता.

ओहोटीनंतर समुद्राला सहा तासांनी भरती येते. चित्राला येत नाही. माझ्या भिंतीवर बावीस वर्षं ओहोटीच होती.

मधल्या काळात नानांची बायको वारली, त्यांचे गुडघे गेले, होडी दुसऱ्याकडे गेली. नात मोठी झाली. सायली तिचं नाव. लहानपणी सुट्टीत यायची ती पेणवरून गाडीने, थेट घरी. तिला धक्क्यावर नाना कधी नेत नसत. “तिकडं चिखल हाय,” म्हणायचे. पनवेलला मुलीच्या सासरी जाताना टोपी घरी ठेवून जायचे. मुलीनेही सासरी कधी काही सांगितलं नसावं. आपल्या बापाला कोण लटक्या म्हणून ओळख करून देईल?

दीडेक वर्षापूर्वी नाना माझ्या शेडमध्ये आले. मी एका होडीचा नंबर घालत होतो. ते डब्यावर बसले.

“पेंटर, तुझा लटक्या लई लांब पोचला.”

“म्हणजे?”

“सायली न्हावा शेव्याला कंटेनरच्या हपिसात लागली ना. मोबाइल दाखवत व्हती. त्यात लटक्या. हलतो बी. होडी अशी अशी झुलते. हपिसात कुनाची चूक झाली का त्याला हा पाठवत्यात.”

कुणा पर्यटकाने भिंतीचा फोटो काढला असणार, त्याचा कुणीतरी स्टिकर केला असणार, आणि तो ट्रकवाल्यांच्या ग्रुपमधून बंदरभर फिरला असणार.

“तिला कळलं?” मी विचारलं.

“न्हाय. ती हसत व्हती. मना म्हनली, ‘नाना, बघ कसला येडा हाय.’”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी बी हसलो.” नाना बोटाने डब्यावरचा वाळलेला रंग खरवडत होते. “ती झाली त्या दिवसाचीच होडी हाय रे ती. तिला कळंल तवा कळंल. पन कळायच्या आत पानी वर घेतोस का? तिना बघितलं तर तरंगती होडी बघावी. एवढंच.”

मी हो म्हणालो. शिमगा झाला की घेतो म्हणालो. मग पाऊस झाला की, मग गणपती झाले की. काशिनाथ म्हणाला, “पाणी वर घेतलंस तर माझ्या चहाला कोण येईल? लोक लटक्याबरोबर फोटो काढायला येतात.” मी काशिनाथचं नाव पुढे करत राहिलो. खरं कारण वेगळं होतं. आयुष्यभर मी शेकड्याने भिंती रंगवल्या, त्यातली एकच लोकांच्या लक्षात होती. ती मला मोडवत नव्हती. हेही भागू नका.

गेल्या वैशाखात, एका रविवारी सकाळी, नाना भिंतीजवळ उभे दिसले. टोपी नव्हती. बावीस वर्षांत धक्क्यावर त्यांचं बोडकं डोकं मी प्रथम पाहत होतो. पांढरे विरळ केस, मधे टोपीचा वळ. हातात आपल्या जुन्या होडीचा उरलेला निळा रंग, आणि भिंतीला माझीच शिडी लावलेली.

“सायली येतेय,” ते म्हणाले. “हपिसची पोरं-पोरी घेऊन, करंज्यावरनं तरीनं. लटक्याची भिंत बघायला. काल फोन आलता. पूर्ण भरतीला पोचत्यात.”

पाणी निम्म्यावर आलं होतं. “द्या इकडे ब्रश. पाच मिनिटांत करतो.”

“तू न्हको.”

“अहो, तुमचे गुडघे...”

“तुझा हात लागला का वाढतं,” नाना म्हणाले. रागाने नाही. दोरी ओली आहे असं सांगावं तसं. “तू शिडी धर.”

मी शिडी धरली. ते एकेक पायरी दोन्ही पाय ठेवत चढले आणि पाणी वर घ्यायला लागले. रेघा वाकड्या जात होत्या, पण भरतीचं पाणी सरळ रेघेत कुठे चढतं? आधी खेकडे बुडाले. मग चिखल बुडाला. प्रत्येक दोन हातांनंतर ते थांबून धक्क्याकडे बघायचे, खरं पाणी किती आलं ते पाहायचे आणि तेवढंच भिंतीवर घ्यायचे. काशिनाथ किटली घेऊन बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं आणि परत आत गेला. निळा रंग माझ्या डोक्यावर, खांद्यावर गळत होता.

होडीखाली थोडी जागा उरली असताना इंजिनाचा आवाज आला. नानांचा हात वर जाईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग ब्रश खाली दिला आणि उतरले.

सात-आठ पोरं-पोरी हसत धक्क्यावर चढली. मागे सायली. मोबाइल आधीच वर झाले होते. एक पोरगा म्हणाला, “अरे, याला रंग मारतायत. काका, हा लटक्या खरा होता का कोणी?”

“व्हता,” नाना म्हणाले. “हितंच तर चालवायचा.”

“आता कुठे असतो?”

“गेला तो. लई वर्सं झाली.”

मी शिडी धरूनच उभा होतो. सोडायचं भान नव्हतं.

“पण दोरी एवढी आखूड कशी बांधली त्याने?”

“घाईत व्हता,” नाना म्हणाले. “घरात काय तरी चांगलं झालं व्हतं. जिलेबी आनायला गेलता.”

सायली भिंतीकडे बघत होती. ते नाक बघत होती. मग तिने नानांच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, त्यांच्या निळ्या हातांकडे पाहिलं. मोबाइल पर्समध्ये ठेवला. तिच्या आईने तिला तिच्या जन्माची जिलेबी नक्कीच सांगितली असणार, तेवढं सासरी सांगण्यासारखं होतं.

ती पुढे आली. ओढणीच्या टोकाने नानांचा एक हात पुसायला लागली. तेलरंग तो, ओढणीला लागला, हाताचा निघाला नाही.

“हे तुझे ओळखीचे?” पोराने विचारलं.

“माझे नाना आहेत,” ती म्हणाली. “आईचे वडील. तर यांचीच होती.”

ज्याचा मोबाइल वर होता त्याने तो खाली घेतला. सायलीने परत भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, “थोडं राहिलंय, नाना.”

“असू दे,” नाना म्हणाले. “चढतंय अजून.”

श्रावणात नाना गेले. सायली आली होती, तिची ती ओढणी अजून तशीच निळी होती. लटक्या मात्र मोबाइलमध्ये अजून झुलतोय. परवा माझ्याच एका पुतण्याने मला पाठवला, मी नंबर चुकीचा घातला म्हणून. तिथे पाणी वर घेता येत नाही, मी विचारून पाहिलं. भिंतीखाली चहा प्यायला लोक अजून येतात आणि हे अर्धवट कोणी ठेवलं म्हणून विचारतात. काशिनाथ मला म्हणतो, दोन ब्रश मारून टाक. रंगाचा डबा माझ्याकडेच आहे. मी हात लावलेला नाही. माझा हात लागला की वाढतं.

त्या रविवारी मी नानांना शेवटचं चालताना पाहिलं. सायलीने त्यांचा निळा हात धरला होता आणि दोघं धक्क्यावरून गावाकडे चढत होती, नाना बोडक्या डोक्याने, मधे दम घ्यायला थांबत. मागे खाडी काठोकाठ भरली होती, आणि तर कडीला सैल दोरीने बांधलेली, निवांत हलत होती. भिंतीवर पाणी होडीपर्यंत पोचायला हातभर कमी होतं.

हातभर म्हणजे हातभरच. मी रोज मोजतो.